घरचे कुठे पळतात

चौथा वक्ता माइकपुढे उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "काय बोलावं ते सुचत नाही."

शिबाने हातातला कार्यक्रमपत्रिकेचा पंखा मांडीवर आपटला. सुचत नाही तर बस ना बाबा खाली! आधीच्या तिघांनाही सुचत नव्हतं, आणि सुचत नसताना त्यांनी अख्खी सकाळ खाऊन टाकली होती.

धुळ्याच्या चर्चमध्ये त्या रविवारी पाळक जीवराम आबांच्या स्मरणाची उपासना होती. साल ब्याण्णव, महिना एप्रिल. वर पत्रे, खाली माणसं, आणि भिंतीवरचा एकुलता एक पंखा फक्त पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे तोंड करून फिरत होता. वेदीशेजारी स्टुलावर आबांचा फोटो. मोगऱ्याचा हार जाडजूड असल्यामुळे आबांची हनुवटी त्यात पार बुडाली होती आणि ते नाकापासून वरचेच दिसत होते. नाताळची उपासना त्यांनी स्वतः घेतली, खोकत खोकत का होईना, पण घेतली. मग अंथरूण धरलं आणि जानेवारी संपायच्या आत गेले.

शिबा त्यांची नात. पुरतं नाव अलीशिबा, तेही आबांनीच शास्त्रातून काढून ठेवलेलं. जळगावला दिलेली, एका लेकराची आई. शेजारी तिची आई सुनंदाबाई, आबांची सून, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात रुमालाची घडी. शिबाचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. आजी त्याच्याही आधी. म्हणजे पाळकाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात माणसं तीन: आबा, सून आणि नात.

"आबा म्हणजे प्रार्थनेचा माणूस," वक्ता सांगत होता. हा गृहस्थ कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. आबांच्या घराचा उंबरा त्याने कधी ओलांडल्याचं शिबाला आठवत नव्हतं. "जगासाठी तर ते प्रार्थना करतच, पण त्याआधी आपल्या कुटुंबासाठी! रोज संध्याकाळी सुनेला, नातीला जवळ घेऊन, एकेकीचं नाव घेऊन ते देवाजवळ रदबदली करत. काय भाग्याचं ते घर!"

शिबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ऐकलं का?" ती आईच्या कानाशी लागली. "एकेकीचं नाव घेऊन म्हणे!"

"गप बस," सुनंदाबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"मी सांगणार आहे. शेवटी घरच्यांच्या वतीने मलाच बोलायचंय ना? मी खरं ते सांगणार."

"शिबा, माणूस गेलाय. तोंड आवर."

पण हे तोंड आवरण्यातलं प्रकरण नव्हतंच. खरी गोष्ट अशी की आबांनी आपल्या घरात, आपल्या नातीचं नाव घेऊन, एकदासुद्धा प्रार्थना केली नव्हती. शिबाने तरी ऐकली नव्हती, आणि ऐकायला तिच्याइतकं कान टवकारून दुसरं कोणी बसलं नसेल.

संध्याकाळची प्रार्थना त्या घरात जेवणाआधी व्हायची. ताटं वाढून व्हायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा पडायचा, आणि आबा डोळे मिटायचे. सुरुवात दोंडाईच्यापासून. दोंडाईच्याचा उखर्डू, त्याची म्हैस, त्याच्या थोरल्याचं लग्न जमत नाही ते, धाकट्याचा पाय. मग शिंदखेडा. मग तापीकाठची दोन-चार गावं, तिथली बाळंतपणं, भांडणं, विहिरीला पाणी लागणं. मग गाडी वळायची यावलकडे. यावलला तर आबांचा मुक्कामच पडायचा. केळीच्या बागेत राबणाऱ्या धुरपदाबाईच्या नवऱ्याची दारू, धुरपदाबाईच्या सुनेची कूस, तिच्या जावेचा दमा. या साऱ्या गावांत आबा चाळीस वर्षं सायकलीवर आणि एसटीने हिंडले होते. कोण बाप्तिस्मा घेतलेला, कोण न घेतलेला, असला भेद त्यांच्या प्रार्थनेत नव्हता. नशिराबादचा एक पिंजारी रमजान, त्याच्या पोटदुखीचाही त्यात वाटा होता. नशिराबाद हे शेवटचं स्टेशन. त्यानंतर घर.

पण घर यायचंच नाही! कधी आबा बसल्या बसल्या पेंगायचे. कधी दाराशी कोणीतरी "पाळकसाहेब, जरा येता का?" म्हणत उभं राहायचं. आणि बहुतेक वेळा सुनंदाबाईच मोठ्याने "आमेन" म्हणून मोकळ्या व्हायच्या, कारण भाकरी वातड झालेली असायची आणि पोरगी उपाशी असायची. आबा डोळे उघडायचे, ओशाळं हसायचे आणि तुकडा मोडायचे.

लहानपणी शिबाला भुकेचा राग यायचा. मोठेपणी भूक सोसायला लागली, पण नावाचा राग आला. दोन नावं घ्यायची होती हो, फक्त दोन! रमजानचं पोट चालतं आणि नात चालत नाही?

एकदा तिने सरळ विचारलं होतं. "आबा, आमचं काय?"

"तुमचं काय म्हणजे?"

"प्रार्थनेत आमचा नंबर कधी लागायचा?"

आबांना गंमतच वाटली. "अगं, घरचे कुठे पळतात?" ते म्हणाले आणि पायात वहाणा घालून निघाले सुद्धा.

पळतात, आबा. पोरी तर पळतातच. शिबाचं लग्न ठरलं. आदल्या संध्याकाळी ती हट्टाने आबांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. हातावर हळद, घरात पाहुणे. तिने आईलाही बजावून ठेवलं, आज मधेच आमेन म्हणशील तर बघ. उद्या मी जळगावला चालले. आज आबांना नशिराबाद ओलांडूच दे. आबांनी डोळे मिटले. दोंडाईचा झालं. शिंदखेडा झालं. यावलला त्या दिवशी फार वेळ लागला, पण तेही झालं. आबांनी रमजानचं नाव घेतलं. शिबाने श्वास धरला. आणि दारात भटू मास्तर! चर्चचे सेक्रेटरी. पलीकडच्या वस्तीत कोणी म्हातारी घटका मोजतेय, पाळकांना बोलावलंय.

आबा उठले. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, "येतोच" म्हणाले. आले ते वऱ्हाडाच्या गाडीच्या थोडं आधी.

दुसऱ्या दिवशी लग्न त्यांनीच लावलं. वेदीपुढे तिचं नाव घेतलं, पण ते काय, पुस्तकात रिकामी जागा असते तिथे नवरीचं नाव घालायचंच असतं. ते कुठल्याही पाळकाने घेतलं असतं. सासरी जाताना शिबा रडली ती सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून. ती रडत होती संतापाने.

आणि शेवटचं तर सांगूच नये. सरकारी दवाखान्यात आबांच्या उशाशी ती येऊन बसली होती, पोराला सासूकडे टाकून. आबांना भान नव्हतं, पण ओठ चालू होते. दोंडाईचा. शिंदखेडा. श्वास अडकायचा, ग्लानी यायची, आणि जाग आली की गडी पुन्हा दोंडाईच्यापासून सुरू! शिबाचा जीव मेटाकुटीला आला. एकदा तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आबा, आज उलटं करा. आधी घर घ्या. मी शिबा. शिबा म्हणा." आबांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघून गोड हसले, आणि पुन्हा यावलला निघून गेले. तिथेच, धुरपदाबाईच्या सुनेपाशी, त्यांचा आवाज थांबला.

तर असं होतं ते भाग्याचं घर.

"आता," भटू मास्तर माइकवर म्हणाले, "आबांच्या कुटुंबाच्या वतीने त्यांची नात दोन शब्द बोलेल, आणि आबांची ती नावांची प्रार्थना म्हणून उपासनेची सांगता करेल. शिबाताईला ती तोंडपाठ आहे."

तोंडपाठ! असणारच ना. भाकरी वाळेपर्यंत ऐकलीय.

सुनंदाबाईंनी तिचा पदर धरला. शिबाने तो सोडवून घेतला आणि पुढे गेली. माइक तिच्या उंचीला जास्तच वर होता, तो खाली करताना किंचाळला. समोर सगळे ओळखीचे, बिनओळखीचे चेहरे. पुढे पाहुणे, मागे गावोगावची माणसं. दोंडाईच्याची एक रांग, यावलकडची बायामाणसं भिंतीला टेकून. पहाटेच्या एसटीने आलेली. त्यांना पाहून तिला आणखीच चीड आली. हीच ती! यांच्याच पायी.

"आताच साहेब म्हणाले, की आबा आमच्यासाठी एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना करत," ती म्हणाली. "खोटं आहे ते. त्यांची चूक नाही, त्यांना कोणीतरी सांगितलं असेल. आबांनी आमचं नाव कधीच घेतलं नाही. तुमची घेतली. तुमच्या सगळ्यांची घेतली, रोज घेतली. म्हशीचं घेतलं. आमच्यापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. मी लग्नाच्या आदल्या दिवशी बसून राहिले, नाही. मरताना हात धरून मागितलं, नाही. तुम्ही आज आबा आमचे, आबा आमचे म्हणताय ना? तुमचेच होते. घेऊन जा. मला ती प्रार्थना म्हणायची नाही."

निवृत्त साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भटू मास्तर माइक काढून घ्यायला दोन पावलं पुढे आले आणि तिचा चेहरा बघून तिथेच थबकले. सुनंदाबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "काय वं पोरी, खोटं काहून बोलते?"

एक वाळकी, उंच म्हातारी उठून उभी राहिली. नऊवारीचा ओचा वर खोचलेला, कपाळावर भलं मोठं गोंदण. शिबाने तिला जन्मात पाहिलं नव्हतं, पण ती बोलली आणि लगेच कळलं.

"मी धुरपदाबाई. यावलची. आबानं तुह्यं नाव घेतलं नाही म्हनते? आमच्या घरी तं दुसरं कोनाचं घेतच नव्हता तो!"

"काय?"

"काय काय? भाकरी वाढून ठेवू, तो डोये मिटे, अन् सुरू करे. पह्यलं नाव सुनंदाचं. तिची कंबर. ऐन जवानीत नवरा गेला, सासऱ्याचं करते, तिले बळ दे. मंग तुह्यं. शिबा अशी, शिबा तशी. मंग ते दोंडाईच्याचे, त्यांची म्हैस. मंग तो नशिराबादचा मुसलमान, त्याचं पोट. अन् आमी? आमी बसेल तोंडाकडे पाहत! भाकर वातड होये, अन् शेवटी मीच म्हनो आमेन. माह्या नवऱ्याची दारू सुटली, पन त्याच्यासाठी आबाले देवाजवळ बोलताना म्या या कानानं आयकलं नाही. इतकी वरसं मले वाटे, सारं आबाच्या घरच्यांचंच चालते, आपला काही नंबर लागत नाही."

म्हातारी खरंच चिडलेली होती. तिच्या आवाजात सांत्वन वगैरे काही नव्हतं. ती भांडायलाच उठली होती.

"आम्हना घर बी आसंच व्हये!" दोंडाईच्याच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला. हा उखर्डू असणार. "बठ्ठी यावलनीच नावं! आम्हनं नाव ते कधी उनंच नही!"

आणि मग जे सुरू झालं त्याला उपासना म्हणणं कठीण होतं. शिंदखेड्याचे उठले. तापीकाठचे उठले. आमच्याकडे यायचे तेव्हा दोंडाईचा. आमच्याकडे यायचे तेव्हा शिंदखेडा. आमच्या सुनेच्या बाळंतपणात हे यावलच्या कुणाच्या दम्याचंच सांगत बसले. जो तो तक्रार करत होता. मागच्या दारापाशी टोपी घालून बसलेला एक वयस्कर माणूस हळूच म्हणाला, की आपल्याकडे चहाला यायचे तेव्हा तर आबा शिबाच्या पोराच्या दातांचं बोलायचे, आपलं पोट आजवर कोणी विचारलं नाही. भटू मास्तर "शांतता, शांतता, हे देवाचं घर आहे" म्हणत होते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शिबा दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरून उभी होती. तिला रडू येत होतं आणि राग तर मघाच्या दुप्पट आला होता. हे म्हातारं असं का वागलं? ज्याच्या घरी बसायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांचं देवाला सांगायचं, ही कुठली रीत? पंचवीस वर्षं ती ज्या नावाची वाट पाहत बसली, ते नाव यावलच्या चुलीपुढे, दोंडाईच्याच्या गोठ्यात, पिंजाऱ्याच्या दुकानात खुशाल ऐकलं जात होतं. सगळ्या खानदेशाने ऐकलं. एक तिनेच नाही.

"धुरपदाबाई," ती माइकवर म्हणाली, आणि गलका थोडा थांबला. "माझं काय म्हणायचे? नुसतं नाव घ्यायचे की आणखी काही?"

"नुसतं नाव? तुह्यं तं लांबन असे." म्हातारी भिंतीपासून पुढे आली. तिचा राग थोडा निवला होता, पण पुरता नाही. "तुह्यं ते गणित!"

"गणित?"

"हां. शिबाले गणितात पास कर, देवा. पोर हुशार शे, पन गणिताले भेते. दरसाली तेच. तुह्यं लगीन झालं, म्या म्हनलं आता सुटलो गणितातून. नाही! पोरगं झालं, तरी गणित. औंदा दिवाळीनंतर आला होता, खोकला लागेल, पायऱ्या चढवत नव्हता, तवाबी, शिबाले गणितात पास कर. मी म्हनलं आबा, पोर आता लेकुरवाळी झाली. तं म्हने, तिच्या मनाले लागेल शे ते. तिनं मले सांगितलं नाही, पन मले माहीत शे."

चर्चमध्ये कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. सुनंदाबाईंच्या रुमालातून एक विचित्र आवाज आला, हसण्याचा की हुंदक्याचा ते कळेना.

शिबा हसली नाही. दहावीला ती गणितात उडाली होती, ब्याऐंशी साली. निकाल लागला त्या दिवशी आबा घरी होते. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या संध्याकाळी जेवले नाहीत. तिने ऑक्टोबरला पुन्हा बसून विषय काढला, बरे मार्क पडले. तेव्हा आबा गावोगावच्या भेटींना गेलेले. परत आले, त्यांनी विचारलं नाही. तिलाही राग होता. ज्याला आपलं नावही घ्यावंसं वाटत नाही त्याला आपण होऊन काय सांगायचं? विचारतील तेव्हा सांगू. आईला वाटलं पोरीने सांगितलं असेल, पोरीला वाटलं आईने सांगितलं असेल तर सांगितलं असेल, आणि बोलायचं राहून गेलं. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत तो माणूस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हिंडून तिच्या गणितासाठी देवाच्या नाकीनऊ आणत होता, आणि घरी येऊन तिच्या पुढ्यातच जेवत होता.

"सांग ना वं," धुरपदाबाई म्हणाली. आता ती अगदी जवळ आली होती. तिच्या अंगाला तंबाखूचा आणि प्रवासाच्या घामाचा वास होता. "झाली का पास? आबा गेला, पन आमी मांगतो अजून. माह्या सुनेले बी पाठ झालं ते."

शिबाने मान हलवली. "झाले," ती म्हणाली. "तेव्हाच झाले. ऑक्टोबरात."

"बाप्पा!" म्हातारीने कपाळावर हात मारला आणि आपल्या माणसांकडे वळून ओरडली, "झाली म्हने! कव्हाचीच झाली! अन् आमाले कोनी सांगतच नाही!"

मागे पुन्हा हशा झाला. शिबाला तो ऐकू येत नव्हता. ती स्टुलावरच्या फोटोकडे वळली, हाराच्या वर दिसणाऱ्या त्या डोळ्यांकडे, आणि माइक चालू आहे, लोक ऐकताहेत, कशाचंही भान तिला उरलं नाही.

"पास झाले होते मी, आबा!" ती म्हणाली. "साठ मार्क पडले होते. तुम्ही देवाला विचारलंत, यावलला विचारलंत, दोंडाईच्याला विचारलंत. मी घरातच होते ना? तुम्हाला भाकरी वाढत होते. एकदा मला विचारायचं होतंत!"

भटू मास्तर सांगतेच्या प्रार्थनेसाठी हात जोडून कधीचे ताटकळत उभे होते. शिबाने त्यांना मानेनेच नाही म्हटलं, खाली उतरली आणि आईशेजारी न बसता यावलच्या बायकांमध्ये जमिनीवर जाऊन बसली.